दोन्ही खांदे टेकल्याशिवाय

तुम्ही वस्तादांना काहीही सांगायला गेलात, की ते आधी डोळ्याखाली बोट टेकवायचे, मग त्याच हाताने कानाची पाळी ओढायचे आणि विचारायचे, "बघलंस काय आयकलंस?"

पाहिलंस की ऐकलंस? समोर वखारीतला हमाल असो, आमच्या शाळेचे हेडमास्तर असोत की म्युनिसिपालिटीचा साहेब असो, मालवणीतला हा 'तू' सगळ्यांना सारखाच. "आयकलं," असं उत्तर आलं की वस्ताद मान हलवायचे आणि लाकडं फोडायला लागायचे. बोलणं संपलं.

आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा दूधवाला पाणी घालतो म्हणून तक्रार केली. बोट डोळ्याखाली गेलं, कानावर गेलं. काकू काही कमी नव्हत्या. "पाहिलं नाही आणि ऐकलंही नाही. जीभ आहे ना मला!" वस्ताद क्षणभर अडकले. मग गंभीरपणे म्हणाले, "चव चलात." म्हणजे चव चालेल. आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला वखारीच्या दारात अडवून त्यांनी त्याच्याच कासंडीतलं दूध त्याला प्यायला लावलं.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, घरच्यांना वैताग येतो.

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अंधेरी तेव्हा अर्धी गावच होती. स्टेशनापासून थोडं लांब गेलं की भातखाचरं लागत. वस्तादांची लाकडा-कोळशाची वखार तिथल्या वळणावर होती आणि वखारीमागे पत्र्याच्या छपराखाली तालीम. कोकणातला माणूस आणि पैलवान, याचंच लोकांना हसू यायचं. घाटावरचे पैलवान चिडवायचे, "वस्ताद, भात खाऊन कुस्ती होते व्हय?" ते म्हणायचे, "माशे विसरलंस." मिशांचा त्यांना भारी अभिमान. कुस्ती जिंकली की दुसऱ्या दिवशी फेटा बांधून फोटो काढायला जायचे. वखारीच्या गल्ल्यामागची भिंत त्यांच्याच फोटोंनी भरली होती. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "देवाला जागा ठेवलेली नाही भिंतीवर."

मी शाळामास्तर. उपनगरातल्या दंगली, म्हणजे कुस्त्यांचे फड, भरवणारी एक संघटना होती, तिचा मी चिटणीस. कुस्तीतलं मला फारसं कळायचं नाही. अक्षर बरं होतं म्हणून बैठकीत काय ठरलं ते लिहायला मला बसवत. मत द्यायचा अधिकार मला नव्हता.

त्या वर्षी जोगेश्वरीच्या मैदानात थंडीच्या दिवसांत मोठी दंगल झाली. शेवटची कुस्ती चांदीच्या गदेची. एका बाजूला वस्ताद, वय चाळिशीला टेकलेलं. दुसऱ्या बाजूला कोंडिबा. हा सातारकडचा, जोगेश्वरीतल्या एका तबेल्यात म्हशींचं काम करायचा आणि तिथेच राहायचा. पंचविशीतला गडी, उपनगरांत त्याची पाठ कुणी मातीला लावलेली नव्हती. वस्ताद किती वेळ टिकतात, एवढीच लोकांना उत्सुकता.

सलामी झाली. थोडी खडाखडी झाली आणि एकदम काय झालं कळलं नाही. वस्तादांनी कोंडिबाला खांद्यावरून घेतलं, धोबीपछाड मारली आणि कोंडिबा आभाळाकडे बघत मातीत पडलेला. चितपट! वस्ताद स्वतःच इतके चकित झाले होते की हात वर करायचं विसरले.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "नुरा! नुरा कुस्ती!" म्हणजे आधीच ठरवून केलेली, खोटी. एक ओरडला, मग शंभर ओरडले. मातीची ढेकळं येऊ लागली. पंचांनी घाईघाईने गदा वस्तादांच्या हातात कोंबली आणि पोलिसांना आत बोलावलं.

त्या कुस्तीचा फोटो वस्तादांनी काढून घेतला नाही.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी मी वखारीवर गेलो, तर ते एकटेच कुऱ्हाड घेऊन बसले होते. पात्यावरून धारेचा दगड फिरवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "मास्तर, तू होतंस ना थंय? मी पाडलंय ना तेका?"

"मला तरी तसंच दिसलं," मी म्हणालो.

"दिसलां ना?" त्यांनी वर पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या पोरासारखा चेहरा झाला होता.

संघटनेने चौकशी बसवली. अध्यक्ष एका कारखान्याचे मालक होते, दंगलीचा खर्च तेच उचलत. शिवाय एक वकील, एक डॉक्टर आणि दोन जुने पंच. आरोप असा, की कोंडिबा सट्टेवाल्यांकडून पैसे घेऊन मुद्दाम पडला. पुरावा काय? एका चहावाल्याने सांगितलं की आदल्या आठवड्यात कोंडिबा कुणा सट्टेवाल्याबरोबर बसला होता, असं त्याच्या दुकानात बोलत होते. दुसरं, एवढा ताकदीचा पैलवान इतक्या लवकर पडतोच कसा? तिसरं, सगळे तसंच म्हणतायत.

साक्षीला वस्तादांना बोलावलं. जाण्याआधी वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, त्यांना आवरा. गदा घरात आहे, नाव झालंय. आता दुसऱ्याच्या भानगडीत पडू नका म्हणावं."

सभेत वस्तादांना खुर्ची दिली, चहा दिला. अध्यक्ष गोड बोलले. "वस्ताद, तुमच्यावर कुणाचाच संशय नाही हो. तुम्ही तुमची कुस्ती केलीत. फक्त एक सांगा. कोंडिबाला पकडलंत तेव्हा हाताला काय लागलं? अंग सैल सोडलेलं होतं ना?"

वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. तो एक प्रश्न सोडला, तर साहेबलोकांत ते जपून पुस्तकी मराठी बोलत. राग आला की मालवणी. आता त्यांना कुठली भाषा धरावी ते सुचत नव्हतं.

"खरं सांगू? मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. त्या दिवसापासून मी हाच विचार करतोय. कधी वाटतं, माझा डावच तसा बसला. कधी वाटतं, हा एवढा हलका कसा आला? जेवताना वाटतं, अंघोळ करताना वाटतं."

वकील पुढे सरसावले. "म्हणजे शंका आहे तुम्हाला! चिटणीस, लिहून घ्या."

"लिवा की!" वस्ताद उसळले. "शंका आसा. पण ती माझी. मी ती घरी नेतो, तिला घेऊन झोपतो, काय ते माझं बघतो. तुम्ही ती कोंडिबाच्या गळ्यात कशी बांधता?"

"पण तो चहावाला—"

"त्याने बघलान काय आयकलान?"

अध्यक्षांनी वकिलांकडे पाहिलं.

"कोंडिबा खंय आसा? बोलवा तेका. त्याला विचारलंत?"

डॉक्टर म्हणाले, "त्याची गरज वाटली नाही. तो नाहीच म्हणणार."

"मग त्याचं नाही ऐकायला काय पैसे पडतात?" वस्ताद उभे राहिले आणि त्या दोन पंचांकडे वळले. ते दोघे आयुष्यभर आखाड्यात उभे राहिलेले. "तुम्ही सांगा. समोरच्याचा एक खांदा मातीला टेकला, तर कुस्ती देता?"

"नाही," एक पंच हळूच म्हणाला.

"सगळं मैदान ओरडलं, 'पडला, पडला', तर देता?"

"नाही."

"का नाही देत?"

"दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कशी देणार?"

"आणि हयसर?" त्यांनी टेबलावर थाप मारली. कप वाजले. "हयसर एक तरी खांदा टेकलाय काय? माणूस आखाड्यात नाही, आणि तुम्ही त्याला चितपट करताय!"

अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "वस्ताद, हे काही कोर्ट नाही. कुस्तीच्या नावाचा प्रश्न आहे. लोकांना काहीतरी करून दाखवावं लागतं."

निकाल लागला. कोंडिबावर उपनगरातल्या सगळ्या दंगलींत कायमची बंदी, बिदागी जप्त. वस्तादांचा विजय मात्र कायम.

"ह्या कसा?" वस्तादांनी वकिलांना विचारलं. "तो खोटा पडला, तर मी खरा जिंकलो कसा?"

वकील कागद आवरत होते. ते आवरतच राहिले.

कोंडिबाला ही बातमी तबेल्यात म्हशी धुताना कळली. तो वस्तादांकडे आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "वस्ताद, म्या गावाकडं जातो. तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली."

"जा," वस्ताद म्हणाले. "पण कुस्ती करून जा."

"कुनासंगं?"

"माझ्यासंगं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

दुसऱ्या दिवशी वखारीच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली. 'रविवारी सकाळी कुस्ती. तिकीट नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी बघायला यावं.' शुद्धलेखन माझं, मजकूर त्यांचा.

अध्यक्षांचा निरोप आला, की बंदी असलेल्या पैलवानाशी जो लढेल त्यालाही बंदी. निरोप आणणाऱ्याला वस्तादांनी मोळीभर लाकूड बांधून दिलं. म्हणाले, "साहेबांका सांग, थंडी आसा, शेकत बसा."

रविवारी वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडांच्या थप्पीवर माणसं चढून बसली होती. वहिनी रागावलेल्या होत्या, तरी खिडकीत उभ्या होत्या. कुस्ती सुरू झाली आणि लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं, की वस्ताद थकलेत. कोंडिबा मागे सरत होता, तर वस्ताद त्याच्यावर ओरडत होते, "धर माका! नीट धर! मुरवत करशील तर याद राख!" मग कोंडिबाने धरलं. धुळीचा लोट उठला आणि वस्ताद पालथ्याचे उताणे झाले. दोन्ही खांदे मातीत, कुणालाही दिसावे असे.

थप्पीवरून लगेच कुणीतरी ओरडलं, "बघा! म्हणजे त्या दिवशीची नुराच होती!"

ज्या कुस्तीने कोंडिबाचं नाव धुवायचं, तिनेच ते आणखी काळं केलं होतं. कोंडिबाचा चेहरा पडला. तो जिंकला होता आणि कुठे पळून जाऊ असं त्याला झालं होतं.

वस्ताद उठले. दातांत माती, मिशा मातीने भरलेल्या. त्यांनी कोंडिबाचा हात धरून वर केला आणि ओरडले, "आज मी पडलंय. कबूल! पण मी आज पडलंय म्हणून त्या दिवशी तो खरो पडलो नाय, असा कोणी सांगितल्यान? तेव्हाचा तेव्हा, आताचा आता! आजच्या कुस्तीने फक्त आजची कुस्ती सिद्ध झाली. आणि पुढच्या रविवारी तो परत आलो, तर परत पाडीन मी तेका!"

आधी कुणीतरी हसलं. मग सगळी वखार हसली. कोंडिबाही हसला. पण त्यानंतर 'नुरा' म्हणून त्या थप्पीवरून कुणी ओरडलं नाही.

वस्तादांवर बंदी आली. ती त्यांनी फेट्यासारखी मिरवली. कोळसा घ्यायला आलेल्या बायकांनाही सांगायचे, "माझ्यावर बंदी आसा, म्हायत आसा ना?" जिथे जिथे संघटनेची दंगल असे, तिथे ते आणि कोंडिबा तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायचे. खेळायला बंदी होती, बघायला नव्हती. अध्यक्ष हार घालायला आखाड्यात उतरले की समोर हे दोघे, मांडीवर हात ठेवून, ताठ. पंचांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच असायचं. पुढे एकदा दुसऱ्या एका पोरावर असाच आरोप आला, तेव्हा त्या दोन जुन्या पंचांनी बैठकीत सांगितलं, की आधी पोराला बोलवा, नाहीतर आम्ही उठतो. त्या पोराला बोलावलं. तो निर्दोष सुटला. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि लिहिताना अक्षर जरा मोठंच काढलं.

कोंडिबाची बंदी मात्र उठली नाही. तो गावी गेला नाही. वस्तादांनी त्याला वखारीत घेतलं. जत्रांमध्ये, जिथे संघटनेचं काही चालत नव्हतं तिथे, तो काही वर्षं लढला. नंतर वखार बघू लागला, तालमीतल्या पोरांना शिकवू लागला. त्याचं लग्न वस्तादांनीच लावलं. दोघं रोज दुपारी वखारीत एकत्र जेवायचे आणि माशाच्या काट्यावरून भांडायचे, कारण सातारच्या माणसाला काटा काढता यायचा नाही.

ते दशक संपता संपता वस्ताद गेले. सकाळी तालमीत माती उकरताना खाली बसले ते उठले नाहीत. मी गेलो तेव्हा कोंडिबा त्यांच्या डोक्याशी बसला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हता.

महिनाभराने लाकडं सांगायला म्हणून वखारीवर गेलो. खरं तर घरात लाकडं होती. कोंडिबा एकटाच जेवायला बसत होता. मला बघून त्याने डबा झाकला, बसायला पोतं टाकलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो भिंतीवरच्या फोटोंकडे बघत म्हणाला,

"मास्तर, सात-आठ वर्सं एका डब्यात जेवलो आमी. त्यानं मला एकदा बी इचारलं न्हाई."

"काय?"

"त्या दिवशी म्या पडलो, का त्यानं पाडलं."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिचा आवाज लांब जाईपर्यंत तो डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिला.

"इचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "म्या वाट बघत व्हतो. पर न्हाई इचारलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता, आणि उत्तर त्याच्या.

"दोन मण दे," मी म्हणालो. "वाळलेली बघून दे."

तो उठला आणि लाकडं काढायला थप्पीकडे गेला.