बंद लॅपटॉपमधली हळदीची गाणी

बोईसरला माझं लग्नपत्रिका आणि टायपिंगचं दुकान आहे. घिवलीची एक मासळीवाली माझी जुनी ओळखीची. तिच्या मुलीची पत्रिका मीच छापली. हळद परवावर आली आणि ती लॅपटॉप ओढणीत गुंडाळून दुकानात हजर.

"बोंबलाचा वास येतोय याला," मी म्हटलं.

"मंग कसला येल? अत्तराचा?"

लॅपटॉप मुलीचा. चालू केला की काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची आणि तिथेच सगळं थांबायचं. दुरुस्तीवाला म्हणाला होता, सगळं पुसून नवीन विंडोज टाकू. पण आत मुलीच्या आत्याची गाणी होती. आत्या गावची धवलारीण. लग्नात प्रत्येक विधीचं गाणं तीच म्हणायची. तिच्या गळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केलेली. मुलीने मागे एका लग्नात ती गाणी रेकॉर्ड केली होती, एवढंच नशीब.

"दुसरी धवलारीण नाही मिळत?"

"कोनाला सवड नाय. आन् गान्याबिगर पोरीला हलद लावू काय?"

माझ्याकडे एका पेन ड्राइव्हवर लिनक्स असतं, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम. कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू करायचा. बिघडलेल्या विंडोजला विचारायचंच नाही. तसा केला. डिस्क उघडली, गाणी दिसली. मी ती आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, मग तिला सांगितलं. तिने खुर्चीतच बैठक मारली आणि चहा मागवला, माझ्या नावावर.

अडचण पुढे होती. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. कुठलं गाणं कधी वाजवायचं? शेवटी रिक्षाने आत्याला आणलं. मी एकेक गाणं लावायचे, ती हातांनी सांगायची. गालावर तळवा फिरवला की हळद. कमरेवर घागर धरल्यासारखं केलं की पाणी आणायला जाणं. एका गाण्यात मध्येच तिचा रेकॉर्ड झालेला आवाज कडाडला, "ए ढोलवाल्या, आधी वाजव, मंग पी."

"तेवढा काप गो," मासळीवाली म्हणाली.

आत्याने ठामपणे नकाराची मान हलवली. नाही कापलं.

हळदीला मलाच स्पीकरपाशी बसवलं. तिथे कळलं की धवलारीण विधी संपेपर्यंत गाणं लांबवत असते. रेकॉर्डिंगला ते कुठलं समजतं? बायका घागरी घेऊन अजून रस्त्यातच होत्या आणि गाणं संपलं. शेजारी बसलेल्या आत्याने माझ्या कोपराला चिमटा काढला. मी गाणं पुन्हा लावलं. पुढे प्रत्येक विधीला तेच: गाणं संपत आलं की चिमटा.

मुलीला हळद लागली, गाण्यांसकट. जेवायला बसले तेव्हा माझं कोपर लाल झालं होतं, आणि आत्या स्वतः वाढायला आली होती.