कडेनं न पाहिलेल्या चकत्या

प्रबंध सादर करायला सात आठवडे उरले होते. चारही प्रकरणं एका वाक्यावर उभी होती: माती नायलॉनमध्ये पूर्ण विखुरली आहे. ते वाक्य पडलं तर प्रबंध पडत होता.

वर्तमानपत्रातली उपसंपादकाची नोकरी सोडून मी पुन्हा विज्ञानाकडे आले होते. प्रयोगशाळा शहरात होती, साचा करमाडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. नायलॉनच्या दाण्यांत थोडी बारीक माती मिसळायची, वितळवून साच्यात दाबायची. बशीएवढी चकती निघते. ही माती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या गड्ड्या. गड्ड्या सुटून पापुद्रे वेगळे झाले तर प्लास्टिक मजबूत होतं. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चकतीतून एक्स-रेचा बारीक झोत सोडायचा आणि तो पलीकडे कसा विखुरतो ते पाहायचं. गड्ड्या शिल्लक असतील तर ठरावीक जागी खूण उमटते. माझ्या एकाही चकतीत ती खूण नव्हती. खूण नाही, म्हणजे गड्ड्या नाहीत. तीन वर्षं मी हेच लिहीत होते.

फेब्रुवारीत एका सकाळी शेवटच्या चकत्या आणायला मी वर्कशॉपवर गेले. मशीन चालवणाऱ्या मामांची एक पद्धत होती. पाळीतली पहिली चकती ते शिकंज्यात धरून मोडायचे आणि मोडलेली कड टॉर्च लावून बघायचे. हे मी अनेकदा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "वरून बघून कळत नाही का, मामा?"

"वरून समद्या सारख्याच दिसत्यात, ताई. गुळगुळीत. प्लास्टिक साच्यात पळतं तसं आतलं समदं आडवं निजतं. ते कडंलाच दिसतं." त्यांनी टॉर्च बंद केला. "तुमचं यंत्र कुठून बघतं?"

"वरून."

"मंग तीन साल काय बघितलं?"

शेजारी खोक्यात माल भरणाऱ्या बाई हसल्या. "मामा, शिकलेल्या माणसाला असं बोलत्यात व्हय?"

"बोललो कुठं? इचारलं."

मी चकत्या पिशवीत भरल्या आणि जालना रोडनं परत आले.

यंत्रात नमुना धरायची चौकट चपट्या तुकड्यांसाठी बनवलेली होती. चपटा तुकडा तिच्यात एकाच तऱ्हेनं बसतो. आमच्याकडे सगळे तसाच बसवत. पापुद्रे चकतीच्या पृष्ठभागाला समांतर निजले असतील, तर समोरून आलेल्या झोतात गड्ड्या असूनही खूण उमटत नाही. हे पुस्तकात आहे. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

त्या दुपारी एका चकतीचा मिलिमीटरभर जाडीचा काप काढला, झोत कडेनं शिरेल असा वळवून चौकटीवर चिकटपट्टीनं लावला. अर्ध्या तासानं पडद्यावर गड्ड्यांची खूण उमटली: दोन चंद्रकोरी, समोरासमोर, ठळक. दुसऱ्या चकतीत तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या चकतीतही. सहाव्यानंतर थांबले. काही वाटलं नाही. डबा खायचा राहिला होता, तो खाल्ला.

मार्गदर्शक सरांनी चित्रं पाहिली आणि चष्मा काढला.

"तुम्ही पत्रकार लोक दोन्ही बाजू ऐकून घेता म्हणे."

"हो, सर."

"चकतीला तीन असतात."

त्यांनी चित्रं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाले, "आहे तसंच सादर केलं, तर परीक्षकांच्या लक्षात येईलच असं नाही. तेही चकती चपटीच ठेवत असतील."

ते सुचवत होते की मला जोखत होते, ते कळलं नाही. मी मुदतवाढीचा अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

अर्जात कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. मी लिहिलं: सर्व नमुने एकाच बाजूने तपासले, निष्कर्ष चुकीचा आहे. विद्यापीठाच्या अर्जखिडकीतल्या कारकुनांनी ते दोनदा वाचलं.

"हे काय कारण झालं, मॅडम? आजारपण लिहा. लवकर पास होतं."

"मी आजारी नाही."

"मग घरचं कोणी?"

"कोणी नाही."

"कमाल आहे. स्वतःची चूक लिहून कोणी मुदत मागतं का? नामंजूर झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

"नाही येणार."

त्यांनी शिक्का मारला आणि पोच फाडून दिली.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली, सहा महिन्यांची. चारपैकी तीन प्रकरणं काढून टाकली आहेत. नवं वाक्य असं: माती विखुरलेली नाही, गड्ड्या चकतीच्या पृष्ठभागाला समांतर पडून आहेत. ते प्रत्येक चकतीतून काटकोनात दोन काप काढून, कडेनं, पुन्हा तपासायचं आहे. नायलॉन कापताना पातं लवकर बोथट होतं. एका कापाला वीस मिनिटं लागतात.