पन्हाळ्याची सहल

फळ्यावरच्या मार्करचा उग्र वास आला की आमच्या उचगावच्या ज्येष्ठ नागरिक संघाची ती बैठक आठवते. चहा निवत होता आणि मी जानेवारीपासूनचे नव्या वर्षाचे कार्यक्रम फळ्यावर लिहीत होतो. पन्हाळ्याची सहल थंडीत बरी म्हणून डिसेंबरात घातली, तसे सगळ्यांत थोरले सभासद मागून ओरडले, "जानेवारीत घ्या की! डिसेंबरला मी हाय का न्हाय, कुणाला ठावं?" सगळे हसले, मी खोडून जानेवारी लिहिलं. गड्यानं पन्हाळ्यावर झुणका-भाकर चापली, डिसेंबरही ठणठणीत काढला. पुढं दरवर्षी मी मुद्दाम डिसेंबर लिहायचो, ते ओरडायचे, मी खोडायचो. यंदाही डिसेंबर लिहिलं आणि पुसायचं फडकं हातात घेऊन थांबलो. कुणी ओरडलंच नाही.