न बिघडलेल्या रेडिओची दुरुस्ती

पारोळ्याच्या बसस्टँडसमोर लिंबाखाली एक काळी लँडमास्टर उभी असे. गावात तिला कुणी गाडी म्हणत नसे, ‘आबाचा रेडिओ’ म्हणत. लग्नाची तारीख धरायला आलेला माणूस विचारायचा, अमुक तारखेला रेडिओ मोकळा आहे का? रेडिओसोबत गाडी येणार, हे त्यात धरलेलंच असे.

तोताराम आबांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अमळनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे त्यांनी बावीस वर्षं ड्रायव्हरकी केली होती. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आबांच्या स्वाधीन केली. तिचे मागचे दरवाजे आतून उघडत नसत आणि चढ आला की ती थोडा विचार करी. पण डॅशबोर्डच्या मधोमध विलायती रेडिओ होता, व्हॉल्व्हचा, दोन पिवळट पांढऱ्या बटणांचा. चालू केल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी काचेमागे हळदीसारखा उजेड येई, मग पोटात भुंगा फिरल्यासारखी घरघर होई, आणि मग लांबच्या शेतातून कुणी बांधाबांधानं चालत जवळ यावं तसं जळगाव केंद्र जवळ येई.

आबांचा मान होता तो या रेडिओमुळे, आणि त्याचं कारण नवरदेवांच्या रुसण्यात होतं. लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाशी येई आणि पुढच्या गादीवर आबांशेजारी बसूनच राही. सासरा खिडकीशी वाकून विचारी, काय पाहिजे. नवरदेव कधी घड्याळ मागे, कधी सायकल. चारचौघांत मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची रीत नव्हती. रेडिओ वाजत असला की नवरदेव गादीत रुतून बसतो, त्याच्या रुसण्याला बाळसं येतं, आणि तोच बंद केला तर वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली पाच मिनिटांत त्याची समजूत पटते, हा शोध आबांनी पहिल्याच वर्षी लावला होता. त्यामुळे वरपक्ष येऊन कानात सांगे, आबा, आवाज वाढवा. वधूपक्ष सांगे, आबा, बंद करा. आबा दोघांनाही ‘पाहू’ म्हणत आणि मुहूर्ताला दहा मिनिटं उरली की डावं बटण हळूच मागे फिरवत. कट असा आवाज होई आणि नवरदेव रुमालानं मान पुसत खाली उतरे. पंचक्रोशीतले कित्येक मुहूर्त त्यांनी असे दोन बोटांत सांभाळले होते.

शहाऐंशी साली त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, प्रमिलाचं लग्न ठरलं. मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, पितांबर नावाचा. शांत, निर्व्यसनी, नोकरी कायम. साखरपुड्याला आला तेव्हा बायकांनी त्याची उंची पाहिली आणि पुरुषांनी चप्पल. आबांनी मात्र भलतंच पाहिलं. जेवणं झाल्यावर सगळे पान खात बसले आणि पितांबर एकटाच लिंबाखाली जाऊन गाडीत बसला. तासभर. बटण फिरवत होता, कान लावत होता. उतरला तो आबांना विचारत, "मामा, व्हॉल्व्ह पाच आहेत की सहा?"

आबांनी सहा सांगितले आणि गाडीचं दार लावून घेतलं. हा मुलगा घड्याळावर रुसणार नाही, सायकलवरही नाही. मांडवाशी गाडी थांबेल, आपण खिडकीशी वाकू, आणि हा सगळ्या गावादेखत बोट दाखवून म्हणेल, हा.

मुलगी द्यायची तयारी त्यांनी वर्षभर मनाशी केली होती. रेडिओची केली नव्हती.

चार दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. जी वस्तू गावातच नाही, ती कोण मागणार? रेडिओ दुरुस्तीला पाठवायचा. आता व्हॉल्व्हच्या गाडीरेडिओला हात लावणारा माणूस पारोळ्यात नव्हता, धुळ्यात एक होता तो वारला. उरला भुसावळचा मगन मिस्तरी. रेल्वेच्या साहेबांचे जुने रेडिओ तो करत असे. आबांनी पान्हा घेतला आणि डॅशबोर्डखाली आडवे झाले.

रुक्माबाईंनी, त्यांच्या बायकोनं, दारातूनच विचारलं, "त्याले काय व्हयनं? कालदिन ते चांगला गाई ऱ्हायंता."

"घरघर शे," आबा आतून म्हणाले.

"तुमना घोरापेक्षा कमीच शे."

पण घरातून काही बाहेरगावी जातंय म्हटल्यावर त्यांनीच रेडिओला हळदकुंकू लावलं. जिनमधला सरकी काढलेला कापूस आणून खोक्यात चहूबाजूंनी भरला. लग्न आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यातच होतं, म्हणून आबांनी चिठ्ठी घातली : ‘काम सावकाश करावे. आखाजीनंतर पंधरा दिवसांच्या आत झाले तरी झाले म्हणू नये.’ धुळे-भुसावळ गाडीच्या कंडक्टरनं खोकं आपल्या शेजारी खिडकीजवळ ठेवलं. त्या गर्दीत बसायला जागा मिळालेलं ते एकटंच.

रेडिओ गेला तिथं चौकोनी भगदाड राहिलं. आबांनी त्यावर देवाची तसबीर टेकवली. पण ती दर खड्ड्याला पालथी पडे.

वीसेक दिवसांनी मगन मिस्तरीचं उत्तर आलं. ते पोस्टकार्डावर होतं, म्हणजे आबांच्या आधी बसस्टँड, पानटपरी आणि पिठाची गिरणी यांना पोचलं होतं. भिकन पोस्टमननं ते दारात उभं राहून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. ‘रेडिओस कोणताही आजार नाही. मात्र पोटातून दीड पाव अक्षता निघाल्या. ज्वारीच्या आहेत. केशरी, हिरव्या, थोड्या जांभळ्या. शिवाय एक हेअरपिन आणि नवरदेवाच्या मुंडावळीचे मणी. एवढे असून गात होता हे नवल. आता उघडलाच आहे तर पूर्ण नवा करतो.’

"कोणताही आजार नाही," भिकननं ते वाक्य पुन्हा वाचलं, आवडलं म्हणून.

दोन दिवस रुक्माबाई नवऱ्याकडे अशा पाहत होत्या, की आबांना वाटलं, त्यांनी एकदाचं विचारावं. तिसऱ्या दिवशी आबांनी आपणहून सगळं सांगून टाकलं. रुक्माबाईंनी ऐकून घेतलं. भुसावळपासून वरणगाव किती लांब, एवढंच त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, असेल पाच-सहा कोस. मग त्यांनी मनाशी ते कोस पुन्हा मोजले. पण लगेच त्यांनी स्वतःची समजूत घातली, की भुसावळ केवढं मोठं गाव, रेल्वेचं जंक्शन, तिथं कोण कुणाचा रेडिओ पाहायला बसलंय.

लग्नाच्या दिवशी वरणगावचं वऱ्हाड ट्रकनं आलं. आबांनी गाडी झेंडूच्या माळांनी मढवली होती, भगदाडावर मोठा हार सोडला होता. वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशातून नवरदेव निघाला तेव्हा त्याच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं होतं. बदलायचे कपडे असतील, असं सगळ्यांना वाटलं. मारुतीचं दर्शन झालं. गाडी मांडवाशी आली, थांबली आणि पितांबर रीतीप्रमाणे बसून राहिला.

आबा स्टिअरिंगवरून उतरले. आज ते ड्रायव्हरही होते आणि सासरेही, म्हणून त्यांना अर्ध्या गाडीला वळसा घालून खिडकीशी यावं लागलं. माणसं गोळा झाली. सगळ्यांनी पोस्टकार्ड वाचलेलं होतं.

"सांगा जवाईबुवा," आबा म्हणाले, "काय पाहिजे?"

पितांबरनं मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि टॉवेल सोडला. आत रेडिओ होता. पत्रा घासून लख्ख केलेला, काच नवी, बटणं दुधासारखी.

आबांनी खिडकीची चौकट धरली. पितांबरनंच सांगितलं. मगन मिस्तरीला आता बारीक तारा दिसत नाहीत. गेली चार वर्षं रविवारी पितांबरच त्यांच्या दुकानात तारांना कथलाचा डाग द्यायला बसतो. एका रविवारी त्यांनी कापसाचं खोकं पुढ्यात ठेवलं.

"अक्षता निघाल्या तेव्हा ओळखला," तो म्हणाला. "मग तुमची चिठ्ठीही वाचली."

मागे कुणीतरी खोकलं. रुक्माबाई मांडवाच्या खांबाआड गेल्या, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

"तो तुमलेच," आबा कसेबसे म्हणाले. अशा वेळी बोलायचं वाक्य त्यांनी शेकडो सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ते इतकं जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पितांबर मात्र हार बाजूला करून पिवळ्या शेल्यासकट डॅशबोर्डखाली शिरला होता. आत हात चालत होते. थोड्या वेळानं काचेमागे उजेड आला. पोटातला भुंगा आता नव्हता. जळगाव केंद्र बांधाबांधानं आलं नाही, एकदम शेजारी येऊन बसलं. बाजारभाव चालू होते. कापूस, मूग, उडीद. वऱ्हाड गाडीला टेकून मन लावून ऐकू लागलं. पितांबर वर आला आणि गादीत रुतून बसला.

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली. भटजींनी आबांकडे पाहिलं. आबांचा हात सवयीनं खिडकीतून आत गेला आणि डावं बटण मागे फिरलं. आवाज खाली आला, पण कट झालं नाही. रेडिओ कुजबुजत उडदाचा भाव सांगत राहिला.

"मामा, तो आता बंद होत नाही," पितांबर म्हणाला. "वायर सरळ बॅटरीला जोडली आहे. पारोळ्यात नवरदेव कसे उतरवतात, ते आमच्या फॅक्टरीतल्या तिघांनी सांगितलंय. त्यांना तुम्हीच उतरवलं होतं."

"मग माले काय करनं शे?" आबांनी विचारलं.

"माझं मागणं ऐका. रेडिओ गाडीतच राहील. फक्त दर आखाजीला प्रमिलाला माहेरी न्यायला दुसरं कुणी पाठवायचं नाही. तुम्ही यायचं, याच गाडीनं."

"आनि हाऊ बंद कव्हय व्हई?"

"ते बटण पहिल्या आखाजीला आलात की लावून देतो."

आबांनी मान हलवली, आणि पितांबर रुमालानं मान पुसत खाली उतरला. रेडिओ वाजतच राहिला. मंगलाष्टकांच्या मधल्या जागेत शेतकऱ्यांना बियाण्याचा सल्ला ऐकू येत होता. शेवटी कुणीतरी बॉनेट उघडून बॅटरीची वायर सैल केली.

त्या हंगामातल्या उरलेल्या लग्नांत नवरदेव मनसोक्त रुसले. आबा दर वेळी पान्हा घेऊन बॉनेटकडे निघाले, की वरपक्ष आडवा येई. पुढच्या आखाजीला ते वरणगावला गेले. कॉलनीत गाडी थांबली, पितांबर डॅशबोर्डखाली शिरला, त्याचे पाय तेवढे दाराबाहेर राहिले. प्रमिला पिशवी भरून ओट्यावर बसून होती. दुपार कलली. तो बाहेर आला तेव्हा आवाज आणखी गोड झाला होता आणि हात काळे.

"आनि बटण?" आबांनी विचारलं.

"राहिलंच की," पितांबर म्हणाला. "पुढच्या आखाजीला."

असं त्यांनी अकरा आखाज्यांना विचारलं. बाराव्या वर्षी विचारायचं विसरले, तर पितांबरच अस्वस्थ झाला आणि गाडी निघताना खिडकीशी वाकून म्हणाला, "मामा, ते बटण राहिलंय बरं का."

"पाहू," आबा म्हणाले.