नसीमबानोनं दाखवलेल्या मुंग्या

नसीमबानो आमच्या वावरात वीस वर्षं निंदायला-वेचायला येते. तिच्यासारखी नजर गावात कोणाची नाही, आणि तिच्यासारखी तिखट जीभही नाही. पण ज्या ऑक्टोबरात फवारणीनं माणसं आजारी पडत होती, त्या ऑक्टोबरात मला तिच्या नजरेचा संशय आला.

तूर फुलावर होती. कळ्या पोखरलेल्या दिसल्या. कपाशी आधीच हातची गेली होती. अकोल्याहून जहाल औषध आणलं. पंप पाठीवर घ्यायला तिचाच नवरा मोहसीन तयार झाला. शेजारच्या गावचे दोघं फवारणारे तेव्हा दवाखान्यात होते. एकाला दिसत नव्हतं.

मोहसीन पाणी भरत होता, तेवढ्यात नसीमबानोनं माझी बाही धरली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"खुशालभाऊ, आधी चाला माह्यासंगं."

तिनं तुरीची एक फांदी वाकवली. कळीवर चपटी हिरवी अळी, आणि तिच्याभोवती मुंग्या.

"हे निळ्या पाखराचं लेकरू हाये. अंगातून गोड पानी सोडते, मुंग्या ते चाटतेत अन् त्याची राखन करतेत. चार कळ्या खाईन, बस. याच्यासाठी जहर कावून मारता?"

वर नखाएवढी निळी पाखरं उडत होती. एक कळीवर बसलं. पंख मिटले तर खालून राखाडी, बारीक पट्ट्यांचं, मागच्या टोकाला दोन काळे ठिपके. एकच पांढरं अंडं चिकटवून ते उडालं. नसीमबानोनं दहा झाडं दाखवली. दहाही झाडांवर मुंग्या होत्या.

"नवऱ्यापायी तर सांगून नाही राहिली ना?" मी विचारलं.

"फिकर तर राहीनच. पन मुंग्या तर तुमीच पाहून राहिले ना?"

मी फवारणी थांबवली. पुढचे पंधरा दिवस जीव टांगणीला होता.

जानेवारीत तूर निम्मीच उतरली. शेंगांना मोठी गोल भोकं होती. ती निळ्या पाखराच्या अळीची नव्हतीच, शेंगेतले दाणे खाणाऱ्या घाटेअळीची होती. मी नसीमबानोला बाजूला घेतलं.

"तुले दिसली नव्हती?"

"दिसली होती. तिकडे बांधाजवळ, धुऱ्याकडच्या तासांत. तिकडे तुमाले नेलंच नाही म्या."

मला भयंकर राग आला. ती मात्र खाली बघत नव्हती.

"रागवा भाऊ. पन तो पंप तुमी सोताच्या पाठीवर घेतला असता काय?"

समोर मोहसीन दाभणानं पोती शिवत होता.

"नाही," मी म्हणालो. मग आम्ही दोघंही त्याला पोती धरू लागलो.