“येतो ना, काका”

आर्णीच्या स्टँडबाहेर पंक्चर काढणाऱ्या एका काकांकडे सायकल ठेवून मी रोज कॉलेजची बस पकडतो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा दिसेपर्यंत ते श्वास रोखून बघत राहतात.

मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी हात दोनदा धुऊन मला दिली. तरी हळदीच्या बोटाशेजारी काळा अंगठा उमटलाच.

“पोरीले भाऊ नाही. लग्नात तिच्या ओंजळीत लाह्या टाकाले तू उभा राह्यशीन ना?”

लग्नाच्या दिवशी माझा पेपर होता. पण पत्रिका देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणू नये, असं घरी शिकवलेलं. मी म्हणालो, “येतो ना, काका.”

लग्नानंतर दुकान उघडलं, तेव्हा मी चाचरत पेपरचं सांगितलं. ते माझ्या चाकात हवा भरत होते.

“मंग नाही म्हनाचं ना. तू येशीन म्हनून दुसऱ्या कोनाले सांगतलंच नाही. भटजी थांबले, पोरगी दरवाज्याकडे पाहात राह्यली. शेवटी लाह्या मीच टाकल्या.”

माझी सायकल ते अजूनही सावलीतच लावतात. पण तेव्हापासून मला ‘तुम्ही’ म्हणतात.