शेजारचं बेट
परवा माळा आवरताना सर्फिंगच्या फळीला लावायच्या मेणाची डबी सापडली, आणि त्या खोबरेल वासाबरोबर लोणावळ्यातल्या घरातली एक दुपार आठवली. बाहेर धुक्यात समोरचं फाटकही दिसत नव्हतं, घरात दोरीवरचे कपडे चार दिवस वाळले नव्हते, आणि मी न्‌ धाकटा भाऊ फरशीवर इंडोनेशियाचा नकाशा पसरून बसलो होतो. शेजारशेजारची दोन बेटं होती, त्यातलं एक निवडायचं होतं. त्याला मोठ्या बेटावर जायचं होतं. "तिथं जीवरक्षक असतात, मोठं हॉस्पिटल आहे. आपण अजून कच्चेच आहोत, दादा," तो म्हणाला. मला लहान बेटावरच्या मोकळ्या लाटा हव्या होत्या. "एवढी भीती वाटते तर घरीच बस की," मी म्हणालो. त्यानं नकाशाची घडी घातली आणि मग त्यानंच लहान बेटाची तिकिटं काढली. तिथं तिसऱ्या दिवशी लाटेनं त्याला पाण्याखालच्या प्रवाळावर आपटलं. मोठ्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत त्याचं फुटलेलं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि पलीकडचा किनारा दिसायच्या आधीच त्याचा श्वास थांबला. घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, "तिथंच का गेलात रे?" मी म्हणालो, "त्याचाच हट्ट होता." आई म्हणाली, "लहानपणापासून हट्टीच होता तो." आता ती आल्यागेल्याला तेच सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.